हरिकेनला ग्रिफन इंजिन आणि माझे 39,750 रुपये

लिहू का नको करत दोन महिने घालवले. आमची ही म्हणते गप बसा, आणखी हसं करून घेऊ नका. पण परवा एक गोष्ट बघितली आणि राहवलं नाही. जुन्या विमानाच्या पुस्तकांच्या ऑनलाइन खरेदीत फसलो, एकूण गेले 39,750 रुपये. टोकन 2,000, मग 24,500, मग पॅकिंग-इन्शुरन्सचे 3,850 आणि शेवटी एनओसीचे 9,400. त्या एनओसीच्या वेळी खरं तर कुणीतरी माझ्या कानाखाली द्यायला पाहिजे होती.

मी साताऱ्याचा, आयटीआयला फिटर ट्रेड शिकवून रिटायर झालो. दुसऱ्या महायुद्धातली फायटर विमानं हा जुना नाद, आणि त्यातही विमानांपेक्षा त्यांची मॅन्युअल्स. ब्रिटिश एअर मिनिस्ट्री पायलटसाठी छोटी पुस्तिका काढायची, पायलट्स नोट्स, आणि मेकॅनिक लोकांसाठी वेगळे जाडजूड खंड. माझ्याकडं आहेत त्या बहुतेक नंतर छापलेल्या नकला. ओरिजिनल एकच, तेही पानं सुटलेलं.

जुन्या पुस्तकांच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली, हरिकेन मार्क 2 या ब्रिटिश फायटर विमानाच्या ओरिजिनल पायलट्स नोट्स, पुस्तिकेचा नंबर ए.पी. 1564 बी, सोबत स्पिटफायर या दुसऱ्या फायटरची दोन पुस्तकं. माणूस सांगलीचा. आजोबा एअरफोर्सच्या एक नंबर स्क्वाड्रनला फिटर होते, 1944 ला जपान्यांविरुद्धच्या इंफाळच्या लढाईत होते म्हणे. आता त्या स्क्वाड्रननं इंफाळला हरिकेनच उडवली, अर्जन सिंग तेव्हा तिथं स्क्वाड्रन लीडर होते आणि त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं ते त्याच लढाईत, म्हणजे गोष्ट बसत होती. आमच्या भागात प्रत्येक गावात फौजी, अपशिंग्याच्या तर नावालाच मिलिटरी चिकटलंय, मग शंका कुठून येणार? 2019 च्या पुरात घर पाण्यात गेलं पण ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, असंही सांगितलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 57 फुटावर पाणी गेलेलं कोण विसरलंय? सगळं खरंच होतं, खोटी फक्त ट्रंक होती.

आणि मग फोनवर तो म्हणाला, "काका, हे ग्रिफन इंजिनवालं हरिकेन आहे, लई रेअर."

इथं. इथंच फोन ठेवायला पाहिजे होता. मार्क 2 ला मर्लिन ट्वेंटी इंजिन असतं हो, टू-स्पीड सुपरचार्जरवालं, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंप दोन वेगांचा! ग्रिफन नंतरच्या स्पिटफायरला बसवलं. मर्लिन 27 लिटरचं, ग्रिफन जवळजवळ 37 लिटरचं, आणि ते फिरतंही उलट्या बाजूला, त्यामुळं मर्लिनवालं स्पिटफायर टेकऑफला डावीकडं ओढायचं आणि ग्रिफनवालं उजवीकडं, पायलट लोकांना पायाची सवय बदलावी लागायची. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. आणि मी काय केलं, तर त्याची शिकवणी घेतली! वीस मिनिटं. तो आपला "बापरे", "काय सांगता काका", "तुमच्यासारख्या माणसाकडंच हे जायला पाहिजे" करतोय आणि मी मनात खूश, कारण याला काही कळत नाही म्हणजे याला किंमतही कळत नाही. लाज वाटते पण खरं सांगतो, मला वाटत होतं की मीच याला गंडवतोय.

फोटोही नीट बघितले नाहीत. म्हणजे बघितले, दहादा बघितले, पण पाहिजे ते बघितलं नाही. ऐंशी वर्षांचं पुस्तक आणि पिना चकचकीत! वापरातल्या पायलट्स नोट्समध्ये दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, कुणी हातानं खाडाखोड केलेली असते. इथं पानं कोरी करकरीत. घेणाऱ्यांनी आधी पिनांचा गंज मागा, मग मुखपृष्ठ. आणि व्हिडिओ कॉलवर पान उलटून दाखव म्हणा, त्या दिवसाचा पेपर शेजारी ठेवून. मी फोटोवर भागवलं. सांगली काय लांब होती? सकाळची एसटी धरली असती तर दुपारी जेवायला घरी आलो असतो. पण तो म्हणाला पुण्याची पार्टी संध्याकाळी येतीय, आणि मी 24,500 टाकून मोकळा.

एनओसीचं असं की कव्हरवर "फॉर ऑफिशियल यूज ओन्ली" छापलेलं असतं. ते त्या काळी सगळ्यांवरच असायचं. हा म्हणाला डिफेन्सचा कागद आहे, परवानगीशिवाय कुरियरवाला घेत नाही. ज्या पुस्तकाच्या नकला म्युझियमच्या दुकानात मिळतात त्याला परवानगी! मला माहीत होतं. तरी दिले, कारण 30,350 आधीच गेले होते आणि ते बुडाले असं स्वतःला सांगायची हिंमत नव्हती. हाच त्यांचा धंदा, पुढचा हप्ता आपण मागच्यासाठी भरतो.

पार्सल आलं. आत दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, त्याही भलत्याच जिल्ह्याच्या. वजन मात्र बरोबर.

पुढची कथा याहून घाण. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तुम्ही तासाभरात करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. तक्रार नंबर मिळाला. तो घेऊन ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "काका, रद्दीला चाळीस हजार दिले?" आणि मागं बसलेले हसले. म्हणे पार्सल मिळालंय ना, मग हा सायबरचा विषय नाही, ग्राहक आयोगाकडं जा. तिथं गेलो तर विक्रेत्याचा पत्ता आणा. पत्ता असता तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो? परत ठाण्यात. आता म्हणे आरोपी सांगलीचा, सांगलीत द्या. सांगलीचा आहे हे त्यानंच सांगितलेलं, कुरियरची पावती तर दुसऱ्याच राज्यातली! झिरो एफआयआर म्हणून काही असतं, हद्दीचं कारण सांगता येत नाही, असं म्हटलं तर साहेब म्हणाले फार वाचता तुम्ही. चार चकरा मारल्या तेव्हा साधा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारायला पाचवी. अर्ज दोन प्रतीत न्या आणि शिक्क्याशिवाय उठू नका.

बँकेत तर एसीत बसवून सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. बरोबर आहे, मीच टाकलाय, पण ज्याला गेले त्याचं खातं कुणीतरी कागद बघूनच उघडलं असेल ना? त्याची केवायसी कुणी केली हे विचारलं तर गोपनीय. माझा अडाणीपणा जाहीर आणि त्याचं नाव गोपनीय. त्या खात्यात 1,140 रुपये अडकवून ठेवलेत, ते पाहिजे असतील तर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. वकिलाची फी त्याच्या दुप्पट.

तर परवा काय बघितलं. दुसऱ्या एका ग्रुपवर तेच फोटो, त्याच चकचकीत पिना. आता माणूस कोल्हापूरचा, पूर पंचगंगेचा, आजोबा तेच. फक्त इंजिनचं नाव दुरुस्त केलंय. लिहिलंय, मर्लिन ट्वेंटी, टू-स्पीड सुपरचार्जर, ग्रिफन नव्हे, जाणकारांनी खात्री करून घ्यावी.