साडेतीन हजारांच्या तीन नळ्या आणि गल्लीतली एकदांडी

कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत कुंपणाच्या भिंतीलगत उगवणारी एकदांडी कोणी लावत नाही, कोणी तोडत नाही आणि देवालाही वाहत नाही. म्हणूनच गेल्या श्रावणात घेतलेल्या एक्स्टेन्शन ट्यूबची पहिली परीक्षा तिच्यावर निवांतपणे घेता आली. जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीचे ते फूल कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे झाले, तेव्हा मधला पिवळा ठिपका म्हणजे पाच पाकळ्यांच्या कितीतरी स्वतंत्र फुलांची दाटी आहे आणि कडेच्या फिकट पाकळ्यांची टोके कात्रीने खाचे पाडल्यासारखी आहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिले.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. तिच्यात काच नसते. लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीपासून) दूर सरकते आणि त्यामुळे अधिक जवळच्या वस्तूवर फोकस होऊ शकतो, एवढेच तिचे काम. मी घेतलेल्या संचात १२, २० आणि ३६ मिलिमीटर लांबीच्या तीन नळ्या आहेत. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्ग्थ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा), तितक्या पटीची भर प्रतिमेच्या आकारात पडते, हा हिशेब लक्षात ठेवला की बाकी सर्व सोपे होते. माझ्याकडे कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ही लेन्स आहे आणि ती एकटी वस्तूची प्रतिमा सेन्सरवर जास्तीत जास्त ०.२१ पट उमटवते. त्यात २० मिलिमीटरच्या नळीमुळे ०.४ पटीची भर पडते आणि ३६ मिलिमीटरच्या नळीने आपण जवळजवळ मूळ आकारापर्यंत पोहोचतो. तिन्ही नळ्या एकत्र जोडल्या, तर दीडपटीच्याही पुढे जाता येते.

दुकानदार नेमका हा दीडपटीचा आकडा पुढे करतो आणि नवखा माणूस त्यालाच भुलतो. मीही भुललो होतो. तिन्ही नळ्या लावल्यावर लेन्सचे तोंड फुलापासून दोन-तीन बोटांवर येते. साहजिकच कॅमेऱ्याची आणि आपल्या डोक्याची सावली फुलावरच पडते, पाकळीला धक्का लागतो आणि त्यावर बसलेला कीटक तर केव्हाच उडून गेलेला असतो. प्रकाशाचाही दुष्काळ पडतो. मूळ आकाराच्या आसपास एफ/८ हे अपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) प्रत्यक्षात एफ/१६ सारखे वागते, म्हणजे सेन्सरपर्यंत चौथा हिस्साच प्रकाश पोहोचतो. तीक्ष्ण दिसणाऱ्या भागाची जाडी मात्र पाऊण मिलिमीटरही भरत नाही. जाडी वाढवण्यासाठी अपर्चर आणखी बंद करावे, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते.

संचाच्या बांधणीविषयी मला फारसे चांगले लिहिता येणार नाही. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला मिळालेला नगच सदोष असू शकतो. नळीत विजेचे संपर्कबिंदू आहेत, त्यामुळे अपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येते. बिंदू नसलेली स्वस्त नळी आजच्या लेन्सना निरुपयोगी असल्याने ती घेऊच नये. परंतु प्लॅस्टिकच्या जोडात किंचित ढिलाई आहे आणि लेन्स जरा कलली की संपर्क तुटल्याचा संदेश पडद्यावर येतो. दुसरा दोष अधिक त्रासाचा होता. नळीची आतली भिंत चकचकीत असल्यामुळे पांढऱ्या तगरीच्या छायाचित्रांत मध्यभागी धुरकट डाग उमटत असे. आत काळा मखमली कागद चिकटवल्यावर तो गेला. साडेतीन हजार रुपये मोजल्यावर ही कारागिरी आपण का करावी, हा प्रश्न तेवढा उरला.

तरीही संच परत केला नाही, याचे कारण २० मिलिमीटरची मधली नळी. तिच्यामुळे माझ्या सेन्सरवर सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो, म्हणजे एखादी सदाफुली चौकट भरून येते आणि तरीही मागे थोडा श्वास घ्यायला जागा राहते. कलात्मक म्हणावे असे चित्र मला या अंतरावरच मिळाले. जास्वंदीच्या दांड्यावरचे परागकोश धूसर ठेवून टोकाच्या पाच मखमली गोंड्यांपैकी एकावरच फोकस धरला, तर मागची लाल पाकळी नुसता रंग होऊन उरते. घाणेरीच्या गुच्छात मधली नुकती उमललेली फुले पिवळी आणि कडेची जुनी फुले गुलाबी असतात. कॅमेरा तिरपा धरला की हा रंगबदल एका पट्ट्यासारखा पसरतो. अलीकडच्या काही मोबाइलमध्ये जवळच्या छायाचित्रांसाठी रुंद कोनाची लेन्स वापरली जाते, त्यामुळे फूल मोठे दिसले तरी मागची स्कूटर आणि कचऱ्याची बादलीही चित्रात येते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला नळी लावली की ती बादली विरघळून जाते.

खरी अडचण वाऱ्याची आणि शेजाऱ्यांची. वारा पहाटे पडलेला असतो, पण त्याच वेळी आकडीची काठी आणि परडी घेऊन पूजेची फुले गोळा करणारी मंडळीही बाहेर पडतात आणि सव्वासहापर्यंत जास्वंदीवर फक्त कळ्या उरतात. भिंतीजवळ उकिडवा बसलेला पाहून एका आजोबांनी, “अहो, काही हरवलंय का तुमचं?” असे विचारले होते, त्यांना पडद्यावरची एकदांडी दाखवल्यापासून ते एक जास्वंद माझ्यासाठी झाडावर ठेवतात. हलणाऱ्या देठासाठी जमिनीत काडी रोवून कपडे वाळत घालायचा चिमटा पुरतो. प्राजक्ताला तेही लागत नाही: देठ वर करून जमिनीवर पडलेले ते फूल जागचे हलत नाही आणि केशरी नळीवरून पांढऱ्या पाकळीत उतरणारा रंग टिपायला हवा तेवढा वेळ देते. फोकस हाताने लावून आपण स्वतःच तसूतसूने पुढेमागे व्हावे, कारण अशा अंतरावर ऑटोफोकस नुसता घुटमळतो.

ज्यांना फुलांबरोबर फुलपाखरेही टिपायची आहेत, त्यांनी या नळ्यांच्या वाटेला न जाता १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स, म्हणजे जवळच्या छायाचित्रांसाठीच बनवलेली लेन्स, घ्यावी. ती कितीतरी महाग पडते, पण मूळ आकाराची प्रतिमा देतानाही फुलापासून वीतभर नाही तरी पुरेशी लांब राहते. केवळ गल्लीतली फुले हवी असतील आणि ५० मिलिमीटरची लेन्स घरात असेल, तर नळ्या जरूर घ्याव्यात. मात्र धातूच्या जोडाच्या घ्याव्यात आणि दुकानातच आत टॉर्च मारून भिंत चमकते का ते पाहावे. माझ्या संचातली ३६ मिलिमीटरची नळी महिन्यातून एखाद्या वेळी एकदांडीसाठी निघते, १२ मिलिमीटरची डब्यातच आहे.