सोन्याचे नॅनोकण: सायट्रेटवर ठेवावेत की सिलिकाचे कवच चढवावे?

पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळांत असो वा विद्यापीठात, सोन्याच्या नॅनोकणांवर प्रकल्प घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे सुरुवातीलाच एक निवड उभी राहते: सायट्रेटने (सायट्रिक आम्लाच्या क्षाराने) स्थिर केलेले कण तसेच वापरायचे, की त्यांवर सिलिकाचे, म्हणजे काचेसारख्या सिलिकॉन डायऑक्साइडचे, कवच चढवायचे. माझ्या मते हा निर्णय हे कण पुढे कशात मिसळले जाणार आहेत, यावरून घ्यावा.

सायट्रेटचे कण करायला सोपे. 1951 मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या पद्धतीने, उकळत्या क्लोरोऑरिक आम्लाच्या (सोन्याच्या संयुगाच्या) द्रावणात सायट्रेट घातले की फिकट पिवळे द्रावण काळसर-जांभळ्या छटेतून जात काही मिनिटांत माणकासारखे लाल होते. साधारण 15 नॅनोमीटरच्या कणांचे शोषण-शिखर (ज्या तरंगलांबीचा प्रकाश ते सर्वाधिक शोषतात ती) 520 नॅनोमीटरच्या आसपास येते. मात्र त्यांची स्थिरता केवळ पृष्ठभागावरच्या ऋणभारावर टिकलेली असते. क्युवेटमध्ये (प्रकाश-मापनाच्या छोट्या पारदर्शक पात्रात) हे द्रावण घेऊन मिठाचे पाणी थेंबाथेंबाने घातले, तर लाल रंग आधी जांभळा आणि मग निळसर-करडा होतो, 520 चे शिखर खचते, 600 ते 700 च्या पट्ट्यात रुंद उंचवटा दिसू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ व वर स्वच्छ पाणी उरते. हा गाळ हलवून पुन्हा लाल होत नाही. म्हणूनच काचेची भांडी अम्लराजाने (सोने विरघळवणाऱ्या, हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवावीत आणि नळाचे पाणी त्यांच्या जवळही आणू नये.

सिलिकाच्या कवचामुळे सोन्याचे गाभे एकमेकांपासून दूर राहतात, त्यामुळे मीठ घातले तरी रंग टिकतो. येथे एक सावधगिरी बाळगावी: कवचे एकमेकांना चिकटली तरी गाभ्यांमधील अंतर कायम असल्याने वर्णपट लालच दिसू शकतो, म्हणून केवळ रंगावरून स्थिरतेचा निष्कर्ष काढू नये आणि कणांचा आकार वेगळा मोजावा. सिलिकाचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) सुमारे 1.45, तर पाण्याचा 1.33 असल्याने कवच वाढू लागले की शिखर काही नॅनोमीटरने लाल बाजूला सरकते. कवच फार जाड झाले, की सिलिकाचेच प्रकाश-विकिरण कमी तरंगलांबीच्या बाजूला वाढते आणि शिखर उलट मागे सरकल्यासारखे भासते. दांड्याच्या आकाराच्या नॅनोकणांसाठी कवचाचा आणखी एक फायदा आहे: लेसरच्या उष्णतेने त्यांचा आकार गोल होण्याची प्रवृत्ती त्यामुळे कमी होते.

तरीही कवच चढवणे हे खर्चिक आणि चिकाटीचे काम आहे. सोन्याला सिलिकाची नैसर्गिक ओढ नसते. लिझ-मार्झान, गियर्झिग आणि मुल्वेनी यांनी 1996 मध्ये ही अडचण अमिनोसिलेनचा (सोने आणि सिलिका दोघांनाही धरणाऱ्या संयुगाचा) आधीचा थर देऊन सोडवली, तर आता पीव्हीपी या बहुवारिकाचाही वापर होतो. त्यानंतर इथेनॉल, अमोनिया आणि टीईओएस (पाण्याशी अभिक्रिया होऊन सिलिका देणारे द्रव) यांचे प्रमाण जमवावे लागते. टीईओएस जास्त पडले, तर सोने नसलेले रिकामे सिलिकागोल तयार होतात आणि ते सेंट्रीफ्यूज करून काढण्यात अख्खा दिवस जातो. पुण्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वारंवार उघडल्या जाणाऱ्या बाटलीत शिरते, म्हणून टीईओएस लहान बाटल्यांत वाटून ठेवावे.

कवच म्हणजे अभेद्य भिंत, हाही समज चुकीचा आहे. ते सच्छिद्र असते आणि सायनाइड त्यातून आत जाऊन गाभा विरघळवतो. शिवाय 7.4 पीएचच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) सिलिका हळूहळू विरघळते, म्हणून साठवण इथेनॉलमध्येच चांगली.

मिठामुळे होणारा रंगबदल हाच ज्या चाचणीचा आधार आहे, तिथे सायट्रेटचेच कण हवेत. ज्या रामन मापनात (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखण्याच्या पद्धतीत) रेणू सोन्याला चिकटले पाहिजेत, तिथे 20 नॅनोमीटरचे कवच निरुपयोगी ठरते, कारण धातूजवळचे वाढीव विद्युत-क्षेत्र अगदी काही नॅनोमीटरच टिकते. म्हणूनच 2010 मध्ये जवळजवळ 2 नॅनोमीटर जाडीच्या कवचाची पद्धत पुढे आली. मात्र जैविक बफर, उष्णता किंवा रंगद्रव्य बसवणे अपेक्षित असेल, तर मी कवचच निवडेन, आणि त्याच खेपेतले थोडे सायट्रेटचे कण बाजूला ठेवून प्रत्येक मापन दोहोंवर करेन.