उन्हाळ्यात बोट भाड्याने घ्यायची, तर फेख्त की फ्रीसलंड?

नेदरलँड्समध्ये आठवडाभर बोटीवर राहायचं ठरलं की गाडी इथेच अडते: उत्रेख्तहून माउडनकडे जाणारी फेख्त नदी, की उत्तरेकडची फ्रीसलंडची तळी आणि कालवे? आम्ही दोन्ही केलंय, दोन वेगळ्या उन्हाळ्यांत. भाडं-परवान्याचं तुम्ही पाहिलंच असेल, ते सोडतो.

देखणी फेख्तच. मार्सन, लूननच्या आसपास सतराव्या-अठराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमच्या धनिकांनी बांधलेले वाडे, काठाला खास चहासाठी उभारलेल्या छोट्या घुमट्या, पाण्यापर्यंत उतरलेली हिरवळ. नजर हटत नाही.

पण ती हिरवळ कुणाच्या तरी मालकीची असते. संध्याकाळ झाली की दर बागेपुढे पाटी: बोट बांधण्यास मनाई. गावातला धक्का भरलेला, पुढच्या गावातला तोही भरलेला, आणि त्यापुढच्या पुलावर एकाखाली एक दोन लाल दिवे, म्हणजे आता पूल उघडणार नाही. शेवटी एका वयस्कर जोडप्याने त्यांच्या बोटीला आमची बोट बांधू दिली. फार भली माणसं. पण सकाळी पाव आणायलासुद्धा त्यांच्या डेकवरून, चपला हातात घेऊन, ती झोपलेली असताना जायचं. चारपैकी तीन संध्याकाळी अशाच शोधात गेल्या. सुट्टी म्हणजे ते नव्हे, असं मला तरी वाटलं.

फ्रीसलंडमध्ये मारेक्रीते संस्थेने गावाबाहेर, गवताच्या काठांवर लाकडी धक्के बांधून ठेवलेत. पैसे नाहीत, एका जागी तीन दिवस राहता येतं. दोर खुंटाला टाकला की काम संपलं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पुढ्यात गाई चरतात. शिवाय आम्ही गेलो तेव्हा काही पुलांवर पूल उघडण्याचे पैसे घ्यायला पूलवाला गळाच्या काठीला लाकडी बूट अडकवून खाली सोडायचा. त्यात नाणी टाकायचा मान आमच्या लेकीचा.

वारा मात्र खरा. स्नेकरमेर, च्योकेमेर ही तळी उथळ, लाटा आखूड नि टोचऱ्या. एका दुपारी सौ.ने अक्षरशः टेबलाचा पाय धरला होता. त्यामुळे अगदी लहान मुलं असतील, किंवा दोन-तीनच दिवस असतील, तर फेख्तला मी नाही म्हणणार नाही. पूर्ण आठवडा असेल तर माझा कौल फ्रीसलंडला. फक्त तिथलं स्नेक गाव सोडण्याआधी पाण्याची टाकी काठोकाठ भरून घ्या. त्या रानातल्या धक्क्यांवर नळ नसतो.