बेसप्लेट होकायंत्र: दोन वर्षं डोंगरात वापरल्यावर

पारदर्शक पट्टीवालं, आत द्रव भरलेलं साधं होकायंत्र आहे हे. दोन वर्षं झाली घेऊन आणि आता ते गळ्यात नसेल तर मी उघड्या पठारावर जातच नाही.

आधी मी पण मोबाईलवर जीपीएक्स ट्रॅक (आधी कुणी चाललेल्या वाटेची जीपीएस फाईल) टाकून निघायचो. मळलेल्या वाटेला तेवढं पुरतं. पण वर पठारावर वाट गवतात विरून जाते, ढोरवाटा दहा दिशांना फुटतात आणि त्यातली प्रत्येक खरी वाटते, त्यात धुकं उतरलं की संपलंच. आमचं तसंच झालं. थंडीने मोबाईल चाळीस टक्क्यांवरून डायरेक्ट बंद पडला. नशीब कागदी नकाशा होता आणि दोन ओढे मिळतात त्या जागी आपण आहोत एवढं पक्कं माहीत होतं, मग तिथून खिंडीपर्यंत पट्टीची कड लावली, डायलच्या (सुईभोवतीच्या फिरत्या चकतीच्या) रेघा नकाशाच्या उत्तरेशी जुळवल्या, मग स्वतः वळून सुईचं लाल टोक चकतीवरच्या बाणात धरलं आणि पट्टीच्या रोखाने निघालो. पंधरा-वीस पावलांवरचा एक दगड हेरायचा, तिथे जायचं, मग पुढचा हेरायचा. खिंड समोर आली तेव्हा खरंच भरून आलं मला.

१:२५,००० च्या नकाशावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, पट्टीवर मोजून लगेच कळतं. दिशा १ अंश चुकली तर किलोमीटरमागे साधारण १७ मीटर बाजूला जातो आपण, ५ अंशाला जवळपास ८७, आणि धुक्यात तेवढ्यात खिंड हुकते. म्हणून ओढ्यावरचा पूल गाठायचा असेल तर मी मुद्दाम पुलाच्या डावीकडे रोख धरतो, ओढा लागला की उजवीकडे वळायचं हे नक्की असतं. सरळ पुलावर रोख धरला आणि ओढ्याशी पूलच दिसला नाही तर वर जायचं की खाली, कसं ठरवणार?

आता तक्रारी. सोबतच्या कागदात चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि नकाशाची उत्तर यातल्या फरकाबद्दल एक ओळ नाही! हा फरक जागेप्रमाणे बदलतो, काही ठिकाणी नगण्य तर काही ठिकाणी १५-२० अंश, नवीन माणूस तो न धरता चालला तर डोंगराच्या भलत्याच सोंडेवरून खाली उतरेल. हे लिहायलाच हवं होतं. डायल छोटी आहे, हातमोजे घालून नीट फिरत नाही. आणि होकायंत्र मोबाईलसोबत एकाच खिशात अजिबात ठेवू नका, विशेषतः कव्हरला चुंबक असेल तर, माझ्या मित्राची सुई चक्क उलटी झाली, लाल टोक दक्षिण दाखवायला लागलं.

उंचीवर द्रवात बारीक बुडबुडा येतो, त्याने घाबरू नका, सुईला अडत नसेल तर चालतं. आणि हो, सुई गोलार्धाप्रमाणे तोललेली असते, उत्तरेतलं होकायंत्र दक्षिण गोलार्धात नेलं तर सुई कलून तळाला घासू शकते, तिकडे जाणार असाल तर दोन्हीकडे चालणारंच मागा.

पैसे वसूल आहेत, डोळे झाकून घ्या, पण आधी दोन-तीन रविवार स्वच्छ उजेडात ओळखीच्या टेकडीवर सराव करा. सोबत आलेली दोरी फारच बारीक आहे, माझी पहिल्याच पावसाळ्यात तुटली, मी जाड लावून घेतलीये.