शाळेच्या स्मरणिकेत शाळा शोधताना

आमच्या हायस्कूलच्या बदलत गेलेल्या इमारतींवर माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली आहे. मी आयुष्यभर जुन्या इमारतींची दुरुस्ती केली, त्यामुळे शुभेच्छांची पानं उलटून थेट फोटोंवर गेलो.

छपाई झकास. बांधणी मात्र अशी, की पुस्तक जरा जास्त उघडलं तर पानं हातात येतील. मूळ इमारतीचा फोटो हौसेने दोन पानांवर पसरलाय, पण मधलं दार आणि वरची घंटा नेमकी शिवणीत गेली. पंख्यांचा वर्ग आधी, बिनपंख्यांचा नंतर, असा क्रमही उलटा लागलाय.

खरा ऐवज म्हणजे पहिल्या इमारतीचा घडीचा नकाशा. फळा कुठल्या भिंतीला, तेही त्यात आहे. प्रत्येक वर्गात खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला. लिहिताना उजव्या हाताची सावली वहीवर पडू नये, म्हणून शाळा बांधणारे हे कटाक्षाने पाळत. (डावखुऱ्यांचे हाल कोण विचारतो!) पुढे पट वाढला, मोठ्या वर्गात पार्टिशन आलं आणि फळा दुसऱ्या भिंतीवर गेला. आठवीत माझ्या गणिताच्या वहीवर कायम माझ्याच डोक्याची सावली असायची. उजेड पाठीमागून का येतो, हे इतक्या वर्षांनी नकाशावर बोट फिरवताना कळलं.

मजकुराने मात्र निराशा केली. ‘जुन्या भिंती ओल धरत, म्हणून पाडल्या’, एवढ्यात पहिली इमारत संपते. अहो, भिंत दगड-चुन्याची होती. चुन्यातून ओल हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ती आतच कोंडते. स्मरणिकेतलेच दोन फोटो शेजारी धरा: एकात दगडांचे सांधे दिसतात, दुसऱ्यात गुळगुळीत भिंत आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे. दोष भिंतीचा की गिलाव्याचा?

नंतरची स्लॅबची इमारत तर ‘कालमानानुसार’ गेली म्हणे. गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा घेतो. आतली सळी गंजली की काँक्रीट फुटणारच. गच्चीवर पाणी कुणी तुंबू दिलं, ते लिहायला हवं होतं. देणगीदारांची यादी पानंच्या पानं, आणि गवंडी-सुतारांचं एकही नाव नाही.

शिपाईकाकांच्या आठवणींना जेमतेम अर्धं पान दिलंय, पण ते वाचाच. वरचा मजला चढल्यावर टोकाच्या वर्गांना घंटा ऐकू जाईना, म्हणून काका हातघंटा घेऊन जिने चढायचे. नव्या इमारतीचं इतकं नेमकं वर्णन इतर कुणालाच जमलेलं नाही.

घ्यायची तर नकाशासाठी घ्या. माझ्या प्रतीतला मी काढून वेगळा ठेवलाय, घडीवर आत्ताच चीर पडायला लागली होती.