श्रुती-टेंपरामेंटचं अ‍ॅप: ऐकवतं छान, सेव्ह करताना घोळ घालतं

कोमा (जवळजवळ सारख्या दोन स्वरांतला बारीक फरक) आणि टेंपरामेंट (सप्तकातले स्वर थोडे चढवून-उतरवून लावण्याची पद्धत) नुसते कागदावर वाचून कंटाळला असाल, तर हे अ‍ॅप जरूर घ्या. पडद्यावर कीबोर्ड आणि शेजारी स्वरांचा तक्ता. त्यात सेंट (सप्तकाचा १२०० वा भाग) भरा, नाहीतर थेट ५/४ असं कंपनसंख्यांचं गुणोत्तर द्या.

खरी मजा स्वर धरून ठेवण्याच्या बटणात आहे. मधल्या सी वर सा धरा आणि वर पियानोचा ४०० सेंटचा गांधार लावा. सेकंदाला दहाएक हेलकावे (आवाज लहान-मोठा होणं) येतात. आता स्लायडर ३८६.३१ वर, म्हणजे ५/४ च्या शुद्ध गांधारावर आणा, सगळं शांत. मग चार शुद्ध पंचम चढून दोन सप्तकं खाली आणलेला गांधार लावा, ४०७.८२. शेवटच्या या दोन गांधारांतलं २१.५ सेंटचं अंतर म्हणजेच ८१/८० चा कोमा, आपली प्रमाणश्रुती. (साइन वेव्हवर ऐकू नका. मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे स्वयंभू स्वरच नसतील तर हेलकावा येणार कुठून? ऑर्गन निवडा.)

तयार टेंपरामेंटही भरपूर आहेत. क्वार्टर-कोमा मीनटोन या टेंपरामेंटमध्ये गांधार चोख, पण त्यापायी अकरा पंचम प्रत्येकी पाव कोमा, म्हणजे ५.४ सेंट उतरवलेले. उरलेला बारावा ७३८ सेंटच्या घरात जातो (शुद्ध पंचम ७०२ च्या आसपास). जी शार्प आणि ई फ्लॅट एकत्र दाबून बघाच, अंगावर येतो!

आता तक्रार. ३८६.३१ लिहून सेव्ह करा आणि पुन्हा उघडा: ३८६. गुणोत्तर दिलं तरी तेच. ४४० हर्ट्झच्या ए वर सा धरला तर एवढ्या फरकानेही दर अडीच सेकंदांना एक हेलकावा येतो, म्हणजे शुद्ध गांधार गेला. सप्तकाच्या ५३ समान भागांतला पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम ०.०७ सेंट उतरलेला असतो. इथे दोघेही ७०२! तुलना करायची कशाची? अ‍ॅपवाल्यांना कळवलं तर उत्तर आलं की कानाला एवढं कळत नाही. एकामागून एक वाजवले तर नाहीच कळत हो, पण एकत्र धरले की लांबलेल्या स्वरात कळतं. आणि धरून ठेवायचं बटण तुम्हीच दिलंय ना?

बाहेरून आणलेल्या स्काला फाइलींचे (स्वरांचे तक्ते साठवायच्या फाइली) दशांश मात्र शाबूत राहतात. म्हणून तक्ते मी दुसरीकडे लिहितो आणि आत ओढतो. तूर्तास तीन तारे. सेव्ह दुरुस्त केलंत की चौथा देतो.