‘शांत, समजूतदार’ भिंगरी : दत्तक सेवेला पाचपैकी साडेतीन

नाशिकमधल्या एका प्राणी-संस्थेतून आम्ही वर्षाच्या आतली गावठी कुत्री दत्तक घेतली, त्याचा हा रिव्ह्यू. संस्थेचं नाव टाकत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि माणसं भली आहेत.

पैसे एक रुपया घेतला नाही. आधार कार्ड, वीजबिलाची झेरॉक्स दिली, मग एक ताई घर बघायला आल्या. गॅलरीच्या ग्रीलमधून कुत्रीचं डोकं जाईल का, हे त्यांनी वीत लावून पाहिलं आणि जाळी बसवल्याचा फोटो मिळेपर्यंत कुत्री दिली नाही. मी सातपूर एमआयडीसीत शिफ्टला असतो. माझ्या रात्रपाळीत हिला कोण फिरवणार, हे त्यांनी मला न विचारता थेट माझ्या आईला विचारलं! याला पैकीच्या पैकी. नसबंदी झालेली होती (कानाला खाच असते, बघून घ्या), रेबीजची लस दिलेली आणि लसींचं कार्डही सोबत.

फॉर्मवर स्वभावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘शांत, समजूतदार’. सुरुवातीला होतीही तशीच. सोफ्यामागे बसून राहायची, मिक्सर लागला की थरथरायची. मग भीड चेपली आणि मुलीने नाव ठेवलं भिंगरी. चार्जरच्या वायरी गेल्या, सोफ्याचा कोपरा गेला, आईची जपमाळ पलंगाखाली सापडली. दार उघडलं की पाहुण्याच्या छातीवर पंजे. नव्या जागी घाबरलेलं कुत्रं गप्प असतं, हे रोज कुत्री सांभाळणाऱ्यांना ठाऊक असतंच. मग ‘अजून बिचकते, खरा स्वभाव घरी रुळल्यावर कळेल’ असं लिहायला काय जातं? घरात रांगतं बाळ किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा असतील तर त्या रकान्यावर विसंबू नका.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. ही एवढी धावणारी पोर अचानक जेवेना, उठेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खाली. गोचिडांचा ताप. डॉक्सीसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स करावा लागला. दाटीवाटीच्या शेल्टरमध्ये गोचिडी असणारच, त्याबद्दल राग नाही. पण देण्याआधी एक रक्ततपासणी करा, हवं तर तिचे पैसे आमच्याकडून घ्या.

दीड गुण इथे कापले. बाकीचे का राखले ते सांगतो.

जपमाळेचं ऐकून त्यांचा एक स्वयंसेवक मुलगा घरी आला. मी तोवर गोदापार्कला तिला पळवून पळवून दमवायला बघत होतो. दमायचो मीच. तो म्हणाला, “काका, नुसतं पळवलं तर तिचा स्टॅमिना वाढेल. नाकाला काम द्या.” जुन्या टॉवेलच्या घड्यांत नाचणीच्या भाकरीचे तुकडे लपवायचे, तिने ते शोधून काढायचे. फिरायला नेलं की ओढत न्यायचं नाही, वास घेऊ द्यायचा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. उडी मारली तर ओरडायचं नाही, हातही लावायचा नाही, पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीवर टेकले की मग लाड. हे घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायला हवं. आमच्याकडे आईला जमलं, मुलीला अजून जमत नाही. तिलाच उड्या आवडतात. टॉवेल मात्र पहिल्या दिवसापासून लागू पडला. तेवढा वेळ नाक खुपसून बसते आणि नंतर पंख्याखाली आडवी होते.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये कुत्रं नको म्हटलं, तेव्हाही संस्थेनेच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत पाठवली. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. आम्ही विष्ठा उचलायला पिशवी नेतो, तेही त्याच कागदात सांगितलंय. विषय मिटला.

आणि एक. भिंगरी सापडली पिंपळगाव बसवंतच्या कांदा बाजारपेठेजवळ. कुत्र्यांना कांदा चालत नाही, कच्चा नाही नि शिजवलेलाही नाही, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणून फोडणी घातलेली भाजी, रस्सा तिला बंद. कांद्याच्या गावची पोर, पण पिशवीतून एखादा कांदा घरंगळला की चेंडू समजून पळवते. टोपली आता फ्रिजवर.

जाणार असाल तर सकाळी जा, तेव्हा कुत्री मोकळी सोडलेली दिसतात. संध्याकाळी फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा.